खंदकातली माणसं : पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की शाळेच्या पुस्तकातला आर्चड्यूक, तह आणि तारखा आठवतात. लढणारा माणूस चार वर्षं कुठे होता, काय खात होता, कशाची वाट पाहत होता, हे त्या धड्यात नसतं. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत. महाराष्ट्रातून गेलेल्या जवानांची माहिती उत्तरार्धात आहे, तेवढीच हवी असेल तर थेट तिकडे जावं.

लढाईतला खंदक किल्ल्याभोवती असतो तसाच का?

नाही. किल्ल्याचा खंदक शत्रूला अडवतो, त्यात कुणी राहत नाही. इथे खंदक म्हणजे माणूस आत उभा राहील, चालेल, झोपेल आणि तिथूनच गोळी झाडेल असा लांबच लांब चर. दोन्ही सैन्यांनी समोरासमोर असे चर खणले आणि मधे कुणाच्याच ताब्यात नसलेली जमीन उरली, तिला 'नो मॅन्स लँड' म्हणत. हा पट्टा कुठे पाचशे मीटर रुंद, तर कुठे इतका अरुंद की पलीकडचा खोकला ऐकू यावा. पश्चिम आघाडीवर ही रांग बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरली होती. १९१४ च्या अखेरीपासून १९१८ च्या वसंतापर्यंत ती थोडे अपवाद सोडले तर काही किलोमीटरच मागेपुढे झाली.

ही पद्धत १९१४ मध्येच निघाली का?

वेढ्याच्या लढाईत चर खणणं फार जुनं आहे. फ्रेंच इंजिनिअर व्होबाँ याने १६७३ मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात तटाला समांतर चर खणत पुढे सरकण्याची पद्धत बसवून दिली. पानिपतावर १७६१ च्या लढाईआधी सदाशिवरावभाऊंनी छावणीभोवती खंदक खणून घेतला होता, हे आपल्याला माहीत आहेच. पण तो छावणीच्या रक्षणासाठी होता.

पुढे येणाऱ्या युद्धाची खरी चाहूल एकोणिसाव्या शतकात लागली. क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोल, अमेरिकन यादवी युद्धात १८६४-६५ चं पीटर्सबर्ग, आणि मग रशिया-जपान युद्धात १९०४-०५ चं पोर्ट आर्थर आणि मुक्डेन. मांचुरियात काटेरी तार, मशीनगन आणि खंदक तिन्ही एकत्र आले. युरोपातल्या बहुतेक सैन्यांचे निरीक्षक तिथे हजर होते. त्यांनी प्रेतांचे ढीग पाहिले, अहवाल लिहिले आणि निष्कर्ष असा काढला की जपानी सैन्याने जबर नुकसान सोसूनही शेवटी खंदक घेतले, तेव्हा निर्धाराने चाल केली की जिंकता येतं. या एका निष्कर्षाची किंमत पुढच्या पिढीने मोजली, असं माझं मत आहे.

मग १९१४ मध्ये नेमकं काय झालं?

जर्मनीचा बेत बेल्जियममधून वळसा घालून काही आठवड्यांत फ्रान्सला नमवण्याचा होता. सप्टेंबर १९१४ च्या पहिल्या पंधरवड्यात मार्न नदीवर तो बेत फसला. जर्मन सैन्य मागे हटलं आणि एन नदीच्या उत्तरेकडच्या उंच कड्यावर थांबलं. थकलेल्या सैनिकांनी तिथे स्वतःला जमिनीत गाडून घेतलं. पाठलागावर आलेल्या फ्रेंच आणि ब्रिटिश पलटणींना तो चढ काही केल्या चढता येईना, म्हणून त्यांनीही खणायला घेतलं.

मग दोन्ही बाजू एकमेकींना उत्तरेकडून वळसा घालू पाहत राहिल्या. प्रत्येक वळसा समोरच्या नव्या तुकडीवर आपटायचा आणि तिथे आणखी एक चर खणला जायचा. ऑक्टोबरमध्ये ही रांग समुद्राला जाऊन भिडली. ऑक्टोबरच्या अखेरीस बेल्जियन सैन्याने न्यूपोर्टची धरणद्वारं उघडून इझेर नदीकाठचा सखल प्रदेश भरतीच्या पाण्याखाली बुडवला आणि उरलेली फटही बंद झाली. वळसा घालायला जागाच उरली नाही. असं काही व्हावं हे कुणाच्याही योजनेत नव्हतं. तात्पुरता म्हणून खणलेला चर चार वर्षांचं घर झाला.

चार वर्षं कोंडी का फुटली नाही? सेनापती मूर्ख होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. काही सेनापतींनी अक्षम्य चुका केल्या, पण नुसत्या मूर्खपणाने एवढी मोठी कोंडी होत नाही. त्यामागे एक असमतोल होता.

बचाव करणाऱ्याच्या हातात मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या झाडणारी मशीनगन होती, मैलोन्‌मैल काटेरी तार होती, आणि मागे लांब पल्ल्याच्या जलद तोफा होत्या. हल्ला करणाऱ्याकडे दोन पाय होते. आघाडीला भगदाड पडलं तर बचाव करणारा आगगाडीने राखीव सैन्य आणून ते बुजवायचा. चाल करणाऱ्याला मात्र स्वतःच्याच तोफांनी नांगरलेल्या जमिनीतून, पाठीवर ओझं घेऊन पायी जावं लागे. त्याहूनही वाईट गोष्ट संपर्काची. सैनिक खंदकातून बाहेर पडला की सेनापतीशी त्याचा संबंध तुटायचा. टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटत, बरोबर नेता येईल असा वायरलेस तेव्हा नव्हता, आणि निरोप्या अर्ध्या वाटेत मरायचा.

उत्तर फ्रान्समधल्या न्यू शापेल गावची लढाई पाहिली की हे नीट समजतं. १० मार्च १९१५ च्या सकाळी फक्त पस्तीस मिनिटांचा तोफमारा झाला आणि ब्रिटिश-भारतीय तुकड्यांनी काही तासांत ते गाव घेतलं. हल्ला करणाऱ्या पायदळातला जवळपास अर्धा भाग भारतीय होता. आघाडी खरोखर फुटली होती! पण ती बातमी मागे पोचायला, आणि पुढे जा हा हुकूम परत यायला, दिवसाचे मोलाचे तास गेले. तेवढ्या वेळात जर्मनांनी नवी फळी उभी केली. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा एक गाव हाती होतं, आणि चार हजारांहून जास्त भारतीय जवान मेलेले, जखमी किंवा बेपत्ता होते.

सेनापतींनी या लढाईतून धडा घेतला तो आणखी तोफांचा. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईआधी आठवडाभर पंधरा लाखांहून जास्त गोळे टाकले गेले. तरीही १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. तार पुष्कळ ठिकाणी तुटलीच नव्हती आणि जर्मन सैनिक खोल तळघरांत जिवंत होते; तोफा थांबताच मशीनगन घेऊन ते वर आले. त्याच वर्षी व्हर्दूनला फेब्रुवारी ते डिसेंबर लढाई चालली. दोन्ही बाजू मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं गेली आणि आघाडी शेवटी जवळपास जिथल्या तिथे राहिली.

खंदकाने माणसाला आडोसा दिला हेही विसरू नये. युद्धातले सर्वांत भीषण महिने बऱ्याच सैन्यांसाठी १९१४ चे पहिलेच होते, जेव्हा रंगीत गणवेशातले सैनिक उघड्या शेतातून चालत होते. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवशी फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मेले. तेव्हा खंदक नव्हते.

आतून खंदक कसा असे?

एकच चर नसे. पुढची रांग, तिच्यामागे आधाराची रांग, तिच्याही मागे राखीव रांग, आणि या तिघींना जोडणारे आडवे चर, ज्यांतून दारूगोळा, जेवण आणि बदलीच्या तुकड्या पुढे जात. पुढचा चर सरळ कधीच नसे. दर काही मीटरवर तो काटकोनात वळे. त्यामुळे गोळा आत पडला तरी त्याचे तुकडे एका वळणापुरतेच उडत, आणि शत्रू आत घुसला तरी त्याला साऱ्या रांगेवर एका जागेवरून गोळीबार करता येत नसे. उंची माणसापेक्षा जास्त. गोळी झाडायची तर समोरच्या भिंतीतल्या पायरीवर चढायचं. काठावर वाळूची पोती, तळाला लाकडी फळ्यांच्या जाळ्या, पुढे तारांचं जंगल.

फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमकडच्या सखल पट्ट्यात, हेही जमत नसे. तिथे दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. मग खाली खणण्याऐवजी पोती रचून वर भिंती उभ्या कराव्या लागत, आणि तोफेने त्या उडवल्या की रात्री पुन्हा रचायच्या.

जर्मन खंदक जास्त चांगले होते, हे खरं का?

बऱ्याच ठिकाणी, हो. ते दुसऱ्याच्या जमिनीवर ठाण मांडून होते आणि ती राखणं एवढंच त्यांना हवं होतं, म्हणून त्यांनी उंचावरची कोरडी जागा निवडली. सोमच्या खडूच्या जमिनीत त्यांची तळघरं नऊ-दहा मीटर खोल होती, काहींत विजेचे दिवे होते. ब्रिटिश आणि फ्रेंच सेनापतींना पुढे जायचं होतं, त्यामुळे पक्कं घर बांधायला त्यांचं मन घेत नसे. सैनिकांनी त्याची किंमत दिली.

शिपायाचा दिवस कसा जाई?

उलटा. काम रात्रीचं, झोप दिवसा मिळेल तेवढी. पहाटे उजाडण्याआधी सगळ्यांनी बंदुकीला संगीन लावून पायरीवर उभं राहायचं, कारण हल्ला बहुधा याच वेळी येई. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात शस्त्रं साफ करणं, पाय तपासून घेणं, पत्रं लिहिणं, उवा मारणं, आणि डोकं खाली ठेवणं. समोर नेमबाज टपून बसलेला असे. नवखा शिपाई कुतूहलाने वर डोकावला की पहिल्याच दिवशी जाई.

अंधार पडला की खंदक जागा होई. तुटलेली तार पुन्हा बांधायची, पडलेल्या भिंती उचलायच्या, नवे चर खणायचे, मधल्या पट्ट्यात पोटावर सरपटत गस्त घालायची, जखमी आणि मेलेले आणायचे, मागून पाणी आणि जेवण वाहून आणायचं. पुढे पोचेपर्यंत जेवण गार झालेलं असे. ब्रिटिश शिपायाला डब्यातलं गोमांस, दगडासारखी बिस्किटं, जॅम आणि चहा. थंडीत रमचा घोट.

खंदकातला शिपाई आधी मजूर होता आणि मग लढवय्या. त्याच्या हातात फावडं बंदुकीपेक्षा जास्त वेळ असे. चित्रांत दिसते ती संगिनी रोखून केलेली धाव काही जणांच्या वाट्याला वर्षभरात एकदाही येत नसे, आणि ज्यांच्या वाट्याला येई त्यांतल्या अनेकांना दुसरी धाव नसे.

म्हणजे चार वर्षं तीच माणसं पुढच्या रांगेत?

नाही, पाळी असे. काही दिवस पुढे, काही दिवस आधाराच्या रांगेत, मग राखीव, मग मागच्या गावात 'विश्रांती', जिच्यात कवायत आणि ओझी वाहणं आलंच. मोठ्या लढाईच्या वेळी ही पाळी पार कोलमडे.

सर्वांत जास्त मृत्यू कशाने झाले? मशीनगनने?

तोफांनी. पश्चिम आघाडीवरचे निम्म्याहून अधिक मृत्यू आणि जखमा तोफगोळ्यांच्या होत्या. सैनिकाच्या अनुभवाला यातूनच वेगळं वळण मिळालं. तलवारीच्या लढाईत मारणारा समोर दिसतो. इथे मारणारा कित्येक मैल मागे असे, त्याचं तोंड कधी दिसत नसे, आणि शौर्य, कौशल्य, सावधपणा यांतल्या कशाचाच गोळ्याशी संबंध नसे. माणूस बसून राही आणि पुढचा गोळा कुठे पडेल याचा आवाजावरून अंदाज घेई.

युद्ध सुरू झालं तेव्हा कुठल्याच सैन्याकडे पोलादी शिरस्त्राणं नव्हती, कापडी किंवा चामडी टोप्या होत्या. फ्रेंचांनी १९१५ मध्ये शिरस्त्राण आणलं, ब्रिटिशांनी त्यापाठोपाठ, जर्मनांनी १९१६ मध्ये.

चिखल, उंदीर, उवा यांच्या गोष्टी किती खऱ्या?

पूर्ण खऱ्या. पाय दिवसचे दिवस थंड पाण्यात राहिले की सुन्न होत, सुजत, सडत. बोटं, कधी पाऊलही कापावं लागे. उपाय साधा होता: कोरडे मोजे आणि व्हेल माशाच्या तेलाचं मालीश. जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासायची सक्ती झाली तेव्हा हा आजार आटोक्यात आला. उवांमुळे येणाऱ्या तापाने लाखो माणसं आजारी पडली. तो उवांमुळेच येतो हे १९१८ मध्ये सिद्ध झालं. उंदीर प्रेतांवर पोसलेले असत.

चिखलाचं टोक गाठलं ते १९१७ च्या पासंदालला. तोफांनी तिथले पाण्याचे निचरे फोडले होते, वर पाऊस. खड्ड्यांत जखमी माणसं आणि खेचरं बुडून मेली.

विषारी वायू कधी आला?

२२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी हजारो नळकांडी उघडून क्लोरीन सोडला. हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंच रांगेवर गेला. तिथे अल्जीरियातून आणलेले सैनिकही होते. रांग कोसळली. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, भारतीय लाहोर डिव्हिजनला तिथेच उघड्या उतारावरून हल्ल्याला पाठवलं गेलं. मुखवटे नव्हते. तोंडावर ओला रुमाल, एवढंच संरक्षण. त्या दिवशी जमादार (म्हणजे कनिष्ठ भारतीय अधिकारी) मीर दस्त यांनी जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं.

पुढे फॉस्जीन आला, १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला, मुखवटेही सुधारले. वायूने मेलेल्यांची संख्या तोफांच्या मानाने कमी आहे. पण श्वास घेण्याचीच भीती बसणं ही वेगळी यातना होती, आणि अनेकांची छाती पुढे आयुष्यभर बरी झाली नाही.

'शेल शॉक' म्हणजे काय?

थरथर, मुकेपणा, आंधळेपण, झोपेत किंचाळणं, चालता न येणं, आणि शरीरावर एकही जखम नसणं. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट'मधल्या लेखात हे नाव वापरलं. आधी वाटलं की गोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होते. मग स्फोटाजवळ न गेलेल्या माणसांतही तीच लक्षणं दिसली, तेव्हा डॉक्टरांना कारण मनात शोधावं लागलं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. धोका आला की पळावं किंवा लढावं असं शरीर सांगतं. खंदकात दोन्ही मना होतं. तिथे फक्त बसायचं होतं. पळणाऱ्याला भेकड म्हटलं गेलं, कोर्टमार्शल झालं. ब्रिटिश सैन्याने पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली. त्यांतले कितीतरी आजारी होते, हे मान्य व्हायला नव्वद वर्षं लागली.

१९१४ च्या नाताळात शत्रूंनी खरंच हात मिळवले?

हो, पुष्कळ ठिकाणी. गाणी झाली, सिगारेटी दिल्या-घेतल्या, मधल्या पट्ट्यातली प्रेतं पुरली. सगळीकडे नाही, काही ठिकाणी त्या दिवशीही गोळीबार झाला. वरच्यांनी पुढे असे प्रकार कडकपणे बंद केले. तरी शांत भागांत मूक समजूत वर्षानुवर्षं चालली: जेवणाच्या वेळी तोफा नाहीत, तुम्ही आमचा नेमबाज मारू नका, आम्ही तुमचा मारणार नाही.

भारतीय सैनिक तिथे कसे पोचले? त्यांत मराठी माणसं होती का?

लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये मार्सेय बंदरावर उतरल्या आणि काही आठवड्यांतच ईप्रच्या लढाईत ढकलल्या गेल्या. अंगावर उन्हाळी खाकी कापड, लोकरीचे कपडे मागून आले. ब्रिटिशांची आघाडी तेव्हा इतकी पातळ होती की या जवानांशिवाय ती टिकली असती का, शंका आहे. ३१ ऑक्टोबरला होल्लेबेक येथे खुदादाद खान यांनी सगळे साथीदार पडल्यावरही मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय. युद्धकाळात फ्रान्स-बेल्जियममध्ये लढाऊ आणि बिनलढाऊ मिळून सुमारे १,३८,००० भारतीय गेले.

मराठी माणसं होती. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, ज्यांत मराठे, शीख आणि मुसलमान जवान होते. हे लोक खणण्यात, पूल बांधण्यात, सुरुंग लावण्यात तरबेज. खंदकांच्या युद्धाला हवी होती नेमकी तीच माणसं. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यू शापेल परत घेण्यासाठी माणसं कमी पडली, म्हणून त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर साधं पायदळ म्हणून पुढे सोडलं. त्यांनी गावात शिरून घराघरातून संगिनींची लढाई केली. मदत आली नाही, माघार घ्यावी लागली. जवळपास सगळे अधिकारी आणि एक तृतीयांश जवान त्या एका दिवसात गेले किंवा जखमी झाले. जे कौशल्य घडवायला वर्षं लागली, ते दुपारपर्यंत खर्ची पडलं. न्यू शापेल म्हटलं की बहुतेकांना मार्च १९१५ आठवतो. ऑक्टोबरचा हा दिवस महाराष्ट्रात तरी माहीत असायला हवा.

काटेरी तार उडवण्यासाठी जगभर वापरली गेलेली 'बंगलोर टॉर्पेडो', म्हणजे दारू भरलेली लांब नळी, हीसुद्धा मद्रास सॅपर्सच्या मॅकक्लिंटॉक या अधिकाऱ्याने १९१२ मध्ये बंगळुरात तयार केलेली. पहिल्या हिवाळ्यात हातबॉम्ब पुरेसे नव्हते, तेव्हा सैनिकांनी जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक भरून ते बनवले.

त्यांचं खाणं, पत्रं, दवाखाने?

कणीक, डाळ, तूप, गूळ, मसाले आणि जिवंत बकऱ्या आघाडीच्या मागेपर्यंत पोचवल्या जात. जखमींसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्याचं इस्पितळ केलं होतं. तिथे धर्म-जात पाहून नऊ स्वयंपाकघरं चालत आणि पाण्याचे नळही वेगळे.

घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचे आणि त्यांचे उतारे इंग्रजीत करून अहवाल लिही. त्या अहवालांमुळेच आज हजारो उतारे शिल्लक आहेत. लिहिणाऱ्यांना कुणीतरी वाचतंय हे माहीत होतं. म्हणून ते काळी मिरी आणि लाल मिरची अशा खुणेने लिहीत: काळी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरी. काळी मिरी संपत आली, एवढं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियात नेलं, घोडदळ १९१८ पर्यंत राहिलं.

मराठा पलटणी मुख्यतः कुठे लढल्या?

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. खंदकांचं युद्ध म्हटलं की सगळे फ्रान्सकडे पाहतात, पण महाराष्ट्राच्या दृष्टीने हे युद्ध टायग्रिस नदीच्या काठचं आहे.

जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. बसऱ्याहून नदीकाठाने ही फौज बगदादच्या जवळ टेसिफोनपर्यंत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये तिथे जबर मार खाऊन ती कुट-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावी परतली, आणि ७ डिसेंबरला जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कांनी वेढा घातला. वळणाच्या तोंडावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत खंदक खणले गेले. जानेवारीच्या पावसात नदीला पूर आला आणि पाणी पुढच्या चरांत शिरलं. तुर्क आणि भारतीय, दोघांनाही उघड्यावर येऊन मागे हटावं लागलं.

मग भूक सुरू झाली. शिधा महिन्यामहिन्याने घटत गेला. घोडे आणि खेचरं मारायला घेतली तेव्हा बहुसंख्य भारतीय जवानांनी ते मांस खायला नकार दिला. भारतातल्या धर्मगुरूंकडून खायला हरकत नाही असे निरोप मागवले गेले, तरी कित्येक जण एप्रिलपर्यंत तयार झाले नाहीत. याला आडमुठेपणा म्हणणारं लिखाण मी वाचलं आहे आणि ते मला मान्य नाही. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, मुलांची लग्नं अडतील, ही भीती त्या माणसाच्या दृष्टीने गोळीपेक्षा लांबची होती पण लहान नव्हती. भाजीपाला नव्हता, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. पुरवठा फारच अपुरा होता.

सुटकेसाठी खालून येणाऱ्या फौजा हन्ना आणि सन्नैयात येथे तुर्की खंदकांवर आपटत राहिल्या. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे चिंचोळी सपाट जमीन. वळसा घालायला वाव नाही: फ्लँडर्सचीच कोंडी वाळवंटात. कुटमधल्या माणसांना सोडवण्यासाठी सुमारे तेवीस हजार माणसं मेली वा जखमी झाली. वेढ्यात त्याहून कमी होती. २९ एप्रिल १९१६ ला, जवळपास पाच महिन्यांनी, कुट शरण आलं. सुमारे तेरा हजार जण कैदी झाले, बहुसंख्य भारतीय. वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर त्यांतले हजारो मेले.

कोंडी शेवटी फुटली कशी?

एका शस्त्राने नाही. रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ ला सोमवर पहिल्यांदा आला. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेला चारशेहून अधिक एकदम वापरले. तोफखान्याने शत्रूच्या तोफा आवाजावरून हुडकायला शिकून घेतलं, आणि पायदळाच्या जेमतेम पुढे सरकणारा गोळ्यांचा पडदा धरायलाही. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी लहान, चपळ टोळ्या घुसवून आघाडी फोडली, पण पुढे गेलेल्यांना रसद पुरवता आली नाही. ८ ऑगस्टला आमियांजवळ दोस्त राष्ट्रांनी विमानं, रणगाडे, तोफा, पायदळ यांची नीट सांगड घातली. समुद्री नाकेबंदीने जर्मनी उपाशी होती, अमेरिकन सैन्य येत होतं. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्धविराम झाला.

आज असे खंदक कुठे आहेत?

इराण-इराक युद्धात (१९८०-८८) होते, रासायनिक अस्त्रांसह. २०२२ पासून युक्रेनमध्ये आहेत. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतो, बाकी चिखल, आडोसा आणि वाट पाहणं ओळखीचं आहे.

आमच्या घरातला कुणीतरी गेला होता. त्याची माहिती कशी शोधायची?

आधी गावात पाहा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण १९१४-१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे (मिलिटरी) सर्वांना ठाऊक आहे. तिथले ४६ जण परतले नाहीत. पाटीवर बहुधा फक्त आकडा असतो, नावं नसतात. चुन्याखाली गेली असेल तर हलक्या हाताने स्वच्छ करून फोटो काढून ठेवा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, ते विनामूल्य आहे. पलटणीचा नंबर माहीत असेल तर काम सोपं होतं. शोधताना अडचणी येतात त्या अशा: आडनाव बहुधा नसतं, पहिलं नाव आणि बापाचं नाव असतं. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून दोन-चार प्रकारे लिहून पाहा. जिल्हे तेव्हाचे आहेत: आजचा रायगड तेव्हा कुलाबा, आजच्या सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरी जिल्ह्यात किंवा सावंतवाडी संस्थानात, कोल्हापूर हे संस्थान.

फ्रान्समध्ये मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या भारतीयांची ४,७०० हून अधिक नावं १९२७ मध्ये उभारलेल्या न्यू शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. मेसोपोटेमियाचं तसं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव मात्र कोरलेलं आहे. हा अन्याय होता, आणि कमिशनने २०२१ मध्ये तो जाहीरपणे कबूल केला. तेव्हा बसऱ्याच्या दगडावर नाव नाही म्हणून निराश होऊ नका. संकेतस्थळावरच्या नोंदीत ते सापडण्याची शक्यता आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांच्या आसपासच नावं आहेत, सत्तर हजारांची नाहीत.

घरात जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीच्या भावाने ते विकण्याआधी तेवढं तरी उतरवून घ्या.